ठमीच्या मागची भिंत

२ फेब्रुवारी, रविवार

आज सांगून टाकलं. "ठमे, मी येतो तुमच्याकडे राहायला. कायमचा."

वर्षभर ती आणि जावईबापू मागे लागले होते. मागची खोली रिकामीच आहे, खिडकीबाहेर झाड आहे, एकटे तिथे काय करताय. मीच आढेवेढे घेत होतो. आज सकाळी चहाच्या कपात माशी पडली आणि "बघ, माशी पडली" असं म्हणायलाही घरात कुणी नाही, एवढंच मनात आलं. तेवढ्यावर निर्णय झाला. लोक उगाच म्हणतात की मोठे निर्णय विचार करून घ्यायचे असतात.

डायरी आजपासून सुरू. नवीन वही आहे, तेव्हा ओळख करून द्यायला हवी. ठमी म्हणजे माझी एकुलती एक लेक. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण लहानपणी ती इतकी गोलमटोल होती की ही तिला ठमी म्हणायला लागली आणि तेच चिकटलं. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ठमी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. आठवड्यातलं माझं खरं बोलणं तेवढंच. बाकीचे दिवस मी हो, नाही, ठेवून द्या, एवढंच बोलतो.

मी येतो म्हटल्यावर चित्र अडकलं. ठमी तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच थांबली. मागचा पडदासुद्धा हलत नव्हता. पापण्या तेवढ्या लवत होत्या, पण नेटचं असंच असतं, काय अडेल आणि काय चालेल सांगता येत नाही. मग म्हणाली, "या ना बाबा. त्यात विचारायचं काय?"

जावई दिसले नाहीत. जिमला गेलेत म्हणाली. हल्ली रविवारी सकाळी ते जिमलाच असतात. तब्येतीकडे लक्ष देतात हे चांगलंच आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

राजीनामा दिला. आमच्या स्टुडिओच्या प्रमुख बाईंना सगळे कप्तान म्हणतात. बाई कसली, ठमीहून वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. वाचून म्हणाली, "काका, नक्की ना?" मी म्हणालो, "नक्की. लेकीकडे चाललोय." त्यावर म्हणाली, "मग मी अडवणारी कोण?" थोडं अडवलं असतं तर बरं वाटलं असतं. मनोऱ्याचा सिनेमा तेवढा हातावेगळा करून जा म्हणाली. म्हणजे मार्चअखेर.

ठमीला माझं काम आजवर कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, बाबा सिनेमात टिंबं काढतात. तसं ते खोटंही नाही. चित्रीकरणाच्या वेळी नसलेली एखादी वस्तू, मनोरा म्हणा, पाटी म्हणा, आग म्हणा, नंतर चित्रात बसवायची असते. कॅमेरा हलला की चित्रातलं घर, दार, भिंत सगळं हलतं. त्या नसलेल्या वस्तूनंही तसंच आणि तेवढंच हलायला हवं, नाहीतर ती पाण्यावर सोडल्यासारखी तरंगते. म्हणून चित्रातली एखादी पक्की खूण धरायची, भिंतीतला खिळा किंवा भेग, तिच्यावर टिंब ठेवायचं आणि फ्रेममागून फ्रेम बघत जायचं की ती कुठे कुठे जाते. याला ट्रॅकिंग म्हणतात. आता सॉफ्टवेअर स्वतःच हजारो टिंबं टाकतं. त्याचा जिथे गोंधळ होतो ते माझ्याकडे येतं. ऑफिसातली पोरं मला टिंबकाका म्हणतात. तोंडावर नुसतं काका.

संध्याकाळी खालच्या मजल्यावर जाऊन मालकीणबाईंनाही सांगितलं की मार्चअखेर खोली सोडतो. त्या निवृत्त नर्स आहेत, कुठल्याही बातमीनं त्यांचा चेहरा हलत नाही. म्हणाल्या, "बरं झालं, माणसांत चाललात." आणि लगेच, "गीझर तुमचा की माझा?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

मनोरा घसरत होता. नायिका गच्चीवरून पळते आहे, कॅमेरा तिच्या मागे, आणि लांब डोंगरावर आमचा मनोरा. तो प्रत्येक वेळी साबण लागल्यासारखा हळूहळू डावीकडे सरकायचा. नवीन लागलेली मुलगी रडकुंडीला आली होती. सगळी टिंबं बरोबर आहेत काका, म्हणत होती.

बघितलं. तिनं खूण म्हणून एक कोपरा धरला होता. रस्त्यावरचा दिव्याचा खांब आणि त्याच्या मागे एका घराच्या छपराची कड, दोन्ही जिथे मिळतात तो. दिसायला इतका रेखीव की सॉफ्टवेअर त्याच्या प्रेमातच पडतं. पण तिथे कोपरा नाहीच. खांब जवळ आहे, छप्पर लांब आहे. कॅमेरा सरकला की दोघांची गाठ पडायची जागाही सरकते. तिला म्हटलं, "ही जागा फक्त चित्रात आहे, जगात नाही. नुसतं ठळक दिसतं म्हणून धरायचं नसतं गं. जाऊन हात लावता येईल असं काहीतरी धर." तिनं एक पाण्याची टाकी धरली आणि मनोरा जागच्या जागी उभा राहिला. माझी कॉलर दिवसभर ताठ होती.

दुपारी सगळे जेवायला खाली जातात. मला विचारतात, येता का काका? मी म्हणतो, डबा आहे. डबा रोज असतोच असं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

चोर पकडला!

आज बोलता बोलता ठमी पाणी प्यायला वाकली. ती वाकली, तिचा फोनही कलला, पण मागची भिंत ढिम्म. पुस्तकांचा रॅक नाही, पडदा नाही, काहीच जरासुद्धा सरकलं नाही. आणि पाण्याचा ग्लास तोंडाजवळ येईपर्यंत अर्धा गायब. मी तीस वर्षं हेच करत आलो आहे. ठमीच्या मागे ठमीचं घर नव्हतं, ठमीच्या घराचा फोटो होता.

मग बाकीचंही दिसायला लागलं. फोटोत खिडकी डावीकडे आहे, सकाळचा पिवळा उजेड तिथून येतोय, आणि ठमीच्या चेहऱ्यावरचा उजेड मात्र डोक्यावरून, पांढरा, ट्यूबलाइटसारखा. केसांच्या कडाही कात्रीनं कापल्यासारख्या. इतके रविवार मी काय बघत होतो कोण जाणे. तिचं तोंड बघत होतो म्हणा.

कारण उघड आहे. घरात पसारा पडलाय. पसाऱ्यावरून ही तिला इतकी बोलायची की पोरगी अजून दचकते. बाबा राहायला येणार आणि घराचा उकिरडा झालाय, म्हणून आवरलेल्या घराचा फोटो टांगून बसते. मला इतकं हसू आलं की ती विचारत राहिली, काय झालं बाबा? मी म्हटलं, काही नाही. पोरीची चांगली जिरवायचं ठरवलं आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बेत असा आहे. फोन माणसाला कापून काढतो आणि मागे फोटो लावतो. पण माणूस पटकन हलला की फोनची कात्री मागे पडते आणि क्षणभर कानाजवळ, खांद्यापाशी खऱ्या भिंतीची एखादी चिंधी दिसून जाते. एका फ्रेममध्ये नखाएवढी. पण अशा चिंध्या ढीगभर असतात. फोन किती हलला तो हिशोब काढून प्रत्येक चिंधी आपापल्या जागी बसवली की माणसामागची सगळी भिंत उभी करता येते. आमच्याकडे हे रोजचं काम आहे. असं माणूस वगळून उरलेल्या चित्राला क्लीन प्लेट म्हणतात.

कॉल सगळे माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. ही गेली तेव्हा लक्षात आलं की तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. एका लग्नाच्या चित्रफितीत ती लांबून "अहो, बॅग कुठाय" म्हणते, तेवढाच. तेव्हापासून ठमीचा एकही कॉल मी जाऊ देत नाही.

तर तिच्या पसाऱ्याचा फोटो बनवायचा, छापून घ्यायचा, चौकटीत घालायचा आणि राहायला जाताना घरभेट म्हणून हातात ठेवायचा. आज जेवणाच्या सुट्टीत काम सुरू केलं. कितीतरी दिवसांनी सुट्टी कधी संपली कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज ठमीला भरपूर हलवलं. "केस बांध बघू, विस्कटलेत." "उजवीकडे वळ, गालावर काय लागलंय?" "मान दुखते म्हणतेस, मग व्यायाम कर, असा, डावीकडे, उजवीकडे." बिचारी सांगेन तसं करत होती. वाळली आहे थोडी. मी म्हटलं, जावयांबरोबर तूही जिमला जातेस की काय? हसली.

जावई टूरवर आहेत.

मग तिनं विचारलं, "बाबा, राजीनामा दिलात?"

"दिला की! खोलीचंही सांगितलं. मालकीणबाईंना दुसरं बिऱ्हाड मिळालंसुद्धा. नवराबायको आहेत, बँकेतले."

परत नेट अडकलं. या वेळी बराच वेळ. मग म्हणाली, "थोडं थांबला असतात तर…"

"का गं?"

"काही नाही. इथे उन्हाळा फार असतो. तुम्हाला सोसत नाही ना."

पोरगी आईवर गेली आहे, बारीकसारीक काळजी करते. मी सांगितलं, कूलर घेऊ. खोकी आणली आहेत, सामान बांधायला घेतलं आहे. हिच्या साड्यांचं काय करायचं ते ठरत नाही, म्हणून त्या शेवटी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भिंत उगवायला लागली आहे. पसारा अजून सापडत नाही. भिंत फिकट हिरवी आहे, तेलकट रंगाची. ठमीच्या घरी असा रंग कुठल्याच खोलीत नाही. मधून एक उभा लोखंडी दांडा गेला आहे. डाव्या बाजूला लोखंडी कपाटांची रांग, प्रत्येकावर आकडा रंगवलेला.

घर नाही हे नक्की. बराच विचार केला. कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलं असणार. मोठ्या कंपन्या अशा ठिकाणी ठेवतात. म्हणजे बढती होते आहे आणि पक्कं होईपर्यंत मला सांगायचं नाही! शाळेत असतानाही निकाल हातात येईपर्यंत पेपर कसा गेला ते सांगायची नाही.

मग जुने कॉल उघडले, हे कधीपासून चाललंय ते बघायला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी भिंत खरी आहे, फोनबरोबर छान सरकते. जावई मागून चहाचा कप घेऊन जातात, हात करतात, "काय बाबा, काय म्हणताय?" पुढच्या रविवारपासून फोटो. तेव्हापासून प्रत्येक रविवारी तीच हिरवी भिंत. इतकं लांब ट्रेनिंग कुठल्या कंपनीत असतं कुणास ठाऊक. हल्ली कामंही अवघड झाली आहेत.

२ मार्च, रविवार

ठमीचा कॉल नाही. "कामात आहे बाबा, पुढच्या रविवारी" असा निरोप. मी अकरा वाजेपर्यंत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसलो होतो. मग शर्ट काढून परत घडी करून ठेवला.

कपाट मागच्या खोलीत मावेल का ते विचारायचं होतं, म्हणून जावयांना फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला. मी आपला उत्साहात, दाराची रुंदी किती, जिन्यातून वळेल का. ते ऐकत होते. मग म्हणाले, "काका, ती बोलली नाही का तुमच्याशी?"

"कशाबद्दल?"

"नाही… तिच्याशीच बोला तुम्ही. तेच बरं. तब्येतीला जपा, काका."

आणि फोन ठेवला. टूरवर होते, गडबडीत असणार.

लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ते मला बाबा म्हणतात. आज दोनदा काका म्हणाले. एकदा म्हटलं असतं तर जीभ घसरली म्हटलं असतं. माणूस घाईत असला की होतं असं. दिवसभर काही सुचलं नाही. कपाट मोजून ठेवलं.

५ मार्च, बुधवार

आज प्लेट पूर्ण झाली.

तो लोखंडी दांडा पलंगाचा आहे. एकावर एक असे दोन पलंग, ठमी खालच्यावर बसते. वरून कुणाचे तरी पाय लोंबतात, चार-पाच फ्रेमपुरते, नखांना लाल रंग लावलेले. दांड्यावर टॉवेल. पलंगाच्या पायथ्याशी तिची लग्नातली मोठी बॅग, तिच्यावर दुसरी बॅग, आणि त्या दोन्हींना टेकून हिचं शिवणयंत्र. लाकडी झाकणाचं. हिनं लग्नात ठमीला दिलेलं.

शिवणयंत्र घेऊन कुणी ट्रेनिंगला जात नाही.

बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिलो. नवीन मुलगी म्हणाली, "काका, कुठल्या सिनेमातलं आहे हे? सुंदर काढलंय." मी पडदा बंद केला.

हॉस्टेल आहे. पोरगी चार महिने हॉस्टेलात राहते आहे. नवऱ्यापासून वेगळी झाली आहे आणि दर रविवारी सकाळी तिथल्या एका पलंगावर बसून, मागे आपल्याच घराचा फोटो लावून, माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते आहे. वरच्या पलंगावरच्या बाईला तेवढा वेळ गप्प बसायला सांगत असेल. आणि मी तिला म्हणतोय, मान डावीकडे कर, मान उजवीकडे कर.

लाज वाटली. तिनं झाकलं होतं ते मी नखानखानं उकरून काढलं, वर चौकटीत घालून तिच्या हातात देणार होतो. प्लेट पुसून टाकली. पुसली तरी ती भिंत माझी पाठ झाली आहे.

खोटं कशाला लिहू. सगळ्यात आधी जो विचार आला तो ठमीचा नव्हता. मग मी आता कुठे जाणार, हा आला. ती खोली नाहीच, ते झाड नाही, जावई नाहीत. नोकरी सोडली, इथली खोली बँकवाल्यांना गेली. माझ्या लेकीचं घर मोडलं आणि मी माझ्या कपाटाचा विचार करत होतो. ही असती तर तिला पहिल्याच रविवारी कळलं असतं, टिंबाशिवाय.

६ मार्च, गुरुवार

कप्तानकडे गेलो. राजीनामा मागे घेता येईल का विचारलं. ती म्हणाली, "काका, तुमच्या जागी कुणाला घेणारच नव्हतो आम्ही." म्हणजे बरं की वाईट, मला कळलं नाही. मनोऱ्याचा सिनेमा मेपर्यंत लांबतोय, तोवर राहा, पुढचं बघू म्हणाली. "घरी सगळं ठीक?" असंही विचारलं. मी ठीक म्हणालो. दार ओढून घेताना तिनं परत हाक मारली, म्हणाली, "आज खाली जेवायला या." गेलो.

मालकीणबाईंकडे मात्र जमलं नाही. "शब्द दिलाय त्यांना," म्हणाल्या. "लेक नको म्हणाली का?" मी म्हणालो, "नाही हो, माझाच बेत बदलला." त्यांनी माझ्याकडे नर्सच्या नजरेनं बघितलं आणि गीझर राहू द्या म्हणाल्या.

ठमीशी काय बोलायचं ते ठरत नाही. मला माहीत आहे असं सांगितलं तर चार महिन्यांची तिची सगळी मेहनत उघडी पडते. नाही सांगितलं तर मार्चअखेर मी बॅगा घेऊन तिच्या दारात, आणि दारच नाही.

९ मार्च, रविवार

नेहमीच्या वेळेआधी मीच लावला. साधा फोन, व्हिडिओ नाही.

"बाबा? व्हिडिओ का नाही?"

"डॉक्टर म्हणाले सुट्टीच्या दिवशी पडदा बघू नका. डोळे लाल होतात. आज नुसतं बोलू."

"बरं," म्हणाली. आणि मोठा श्वास सोडला. तिला पाठीमागे काहीही लावावं लागणार नव्हतं आज.

तिच्या मागे कुठेतरी बादली भरत होती, कुणीतरी दार आपटलं, एक बाई कुणालातरी साबण मागत होती. ठमीनं फोनवर हात ठेवला असावा, आवाज दबले. मग परत आले. हात काढला तिनं.

मी म्हणालो, "ठमे, एक सांगायचं राहिलं. राजीनामा दिला म्हटलं ना मी, ती तुझी गंमत केली. दिलेला नाही. कप्तान सोडायलाच तयार नाही मला, मनोरा घसरतो म्हणते. तेव्हा माझं येणं आत्ता होत नाही. तू खोली आवरत बसू नकोस."

"खोलीचं? बिऱ्हाड मिळालं म्हणालात ना?"

"तीही गंमत."

"खरंच बाबा?"

"खरंच."

"व्हिडिओ लावा. तोंड बघू दे तुमचं."

माझ्या चारही बाजूंना खोकी रचलेली होती. कपाट रिकामं, दारं उघडी. भिंतीवरचे फोटो काढलेले, त्यांच्या जागी चौकोन उरलेले. मी म्हणालो, "नको गं, डोळे दुखताहेत."

बादली भरून वाहायला लागली होती, कुणीतरी नळ बंद केला. मग ठमी अगदी हळू म्हणाली, "बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

मी म्हणालो, "डोळे दुखताहेत गं." तिला ते पुरलं. रडली. मीही रडलो, मी काही रडणारा माणूस नाही. मग ती बोलायला लागली आणि तासभर बोलत होती. भांडण नव्हतं म्हणे, मारझोड नाही, दुसरं कुणी नाही. दोघं घरात असायचे आणि घरात कुणीच नाही असं वाटायचं. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही इथे यायचं सोडून दिलं असतं. मग तुम्ही काय बघून दिवस काढले असते? म्हटलं, काहीतरी जमेल तोवर. आणि तुम्ही एकदम येतोच म्हणालात." मी म्हणालो, "वेडी आहेस." दुसरं काय म्हणणार.

शेवटी म्हणाली, "बाबा, मी येऊ का तिकडे?"

"ये."

"जागा आहे ना?"

"तू ये तर."

१३ मार्च, गुरुवार

जागा शोधतो आहे. एजंट आहे एक, सतत सुपारी कातरल्यासारखा बोलणारा. आज तीन खोल्या दाखवल्या. एका ठिकाणी मालक म्हणाले, एकट्या पुरुषाला देत नाही. दुसऱ्या ठिकाणी खिडकी दुसऱ्या घराच्या भिंतीत उघडते. तिसरी चांगली होती पण चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि शिवणयंत्र वर कोण चढवणार? हे मी मनात म्हटलं आणि मग लक्षात आलं की बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या सामानाचा विचार करतो आहे.

ठमीच्या ऑफिसची इथे शाखा आहे, तिनं बदलीचा अर्ज दिला आहे. होईल की नाही माहीत नाही.

१६ मार्च, रविवार

ठमी काल आली. बसमधून उतरली तेव्हा मला क्षणभर ओळखू आली नाही. चार महिने मी तिला खांद्यांपर्यंतच बघत होतो. इतकी बारीक झाली आहे की बॅग तिला ओढत होती, ती बॅगेला नाही. मी बॅग घेतली. तिनं माझ्याकडे बघून "बाबा, शर्ट किती सैल होतोय" एवढंच म्हटलं.

घरी आल्यावर खोक्यांमधून वाट काढत आत गेली. हिच्या साड्या अजून बांधल्या नव्हत्या, पलंगावर तशाच होत्या. त्या बाजूला सरकवून तिथेच आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत झोपली. मी आवाज होऊ नये म्हणून खुर्चीतून उठलो नाही. पाय बधिर झाले.

आज सकाळी एजंटनं चौथी खोली दाखवली. खरं तर दोन खोल्या आहेत. पहिला मजला. भिंतींना रंग नाही, फरशी एका कोपऱ्यात खचलेली. मी दारातच उभा राहून काय काय वाईट आहे ते बघत होतो. ठमी सरळ आत गेली. नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, मग आतल्या खोलीत गेली.

एजंटनं वही काढली. "नाव?" मी सांगितलं. "नोकरी?" मेपर्यंत आहे हे न सांगता नोकरी सांगितली. मग त्यानं विचारलं, "राहणार किती माणसं?"

माझं तोंड एक म्हणायला उघडलं होतं. दोन वर्षांची सवय. आणि ठमी राहणार की थोडे दिवस थांबून परत जाणार, तिची बदली होणार की नाही, मी तिला अजून विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती. एजंट पेन धरून थांबला होता.

आतल्या खोलीतून ठमी म्हणाली, "दोन लिहा."